चुकीचा माग : संगणकाची कार्यप्रणाली मुळापासून रचतांना

धानाचा हंगाम असावा, तलाव भरलेला असावा, आणि तरीहि शेवटच्या बांधींत पाणी पोहोंचूं नये, हा प्रसंग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील शेतकऱ्यास नवा नाहीं. अशा वेळीं जाणता मनुष्य त्या कोरड्या बांधींत कुदळ घेऊन उभा राहत नाहीं. तो तलावाच्या पाळीकडे जातो, तेथून पाटाच्या कडेनें चालत खालीं येतो, आणि पाणी जेथें प्रथम अडलें असेल तेथें थांबतो. शेवटची बांधी कोरडी आहे हें खरें, पण दोष तिचा नसतो. या लेखाचा विषय दिसावयास अगदीं निराळा आहे. संगणकाची कार्यप्रणाली तिच्या मूळ आज्ञावलीपासून आपल्या हातानें रचावयाची, आणि रचतांना जे दोष निघतात ते शोधून काढावयाचे, हा तो विषय होय. परंतु त्यांतील मुख्य धडा त्या शेतकऱ्याचाच आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत वसतिगृहांत राहिलेल्या पांच विद्यार्थ्यांसह आम्हीं हा प्रयोग हातीं घेतला. शाळेस देणगी म्हणून मिळालेला एक जुना संगणक होता. त्यांत एक-एक गिगाबाइटच्या दोन स्मृतिपट्ट्या होत्या. नव्या प्रणालींचा भार त्यास सोसत नव्हता, आणि जुनीस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणें बंद झालें होतें. त्याच्यापुरती हलकी प्रणाली रचतां आली तर तो धाकट्या वर्गांच्या उपयोगी पडणार होता. न आली तर भंगारांत जाणार होता. या प्रयोगांत आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगी पडेल असें वाटून येथें मांडीत आहों.

मूळ आज्ञावली म्हणजे काय?

संगणकाचें यंत्र कितीहि उत्तम असलें तरी आपण होऊन तें कांहींच करीत नाहीं. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणें, लिहून ठेवलेलें पुन्हां शोधून देणें, एकाच वेळीं चाललेल्या अनेक कामांत स्मृतीची वांटणी करणें, हीं सर्व कामें जी आज्ञावली करते तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. तिच्या गाभ्यास कर्नल असें नांव आहे. ही आज्ञावली प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत, बहुतेक ‘सी’ या भाषेंत, लिहिली जाते; ती मूळ आज्ञावली. यंत्रास ती भाषा कळत नाहीं, म्हणून कंपायलर नांवाचें साधन तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करतें. विकत मिळणाऱ्या पुष्कळ प्रणालींत आपल्या हातीं केवळ हें रूपांतर येतें. शिजलेला भात पानावर पडतो, पण धान कोणतें होतें हें विचारावयाची सोय नसते.

या स्थितीस उत्तर म्हणून १९८३ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ नांवाचा उपक्रम जाहीर केला. जी कोणीहि वाचावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी, अशी संपूर्ण प्रणाली लिहिण्याचा तो संकल्प होता. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यानें ‘लिनक्स’ हा गाभा लिहून जगापुढें ठेवला. त्या पहिल्या गाभ्यांत सुमारें दहा हजार ओळी होत्या. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या वर गेली आहे. आपल्या देशांत, पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें लिनक्सच्याच परिवारांतील ‘डेबियन’ प्रणालीच्या आधारें ‘बॉस’ नांवाची प्रणाली तयार करून २००७ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत मराठीची सोय आहे. ज्यास सर्व प्रणाली पायापासून स्वतः रचावयाची असेल त्याच्यासाठीं जेरार्ड बीकमन्स यांनीं १९९९ सालीं सुरू केलेलें ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हें पुस्तक आहे. तें विनामूल्य मिळतें.

आपल्या भागांतील वाचकांस हा विचार परका वाटूं नये. धानोरा तालुक्यांतील मेंढा या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाले. त्या गांवची रीत अशी कीं, प्रश्न आला म्हणजे अभ्यासगटांत त्याचा विचार व्हावा आणि निर्णय सर्वांच्या सहमतीनें व्हावा. जंगल सर्वांचें, म्हणून राखणहि सर्वांची. मुक्त आज्ञावलीचेंहि तसेंच आहे. ती वाचण्याचा हक्क सर्वांस असल्यामुळें तिच्यांतील दोष शोधण्याचें कामहि सर्वांचें होतें.

पहिला नियम : पहिली चूक वाचा

रचनेच्या पायऱ्या थोडक्यांत अशा. प्रथम मूळ आज्ञावली मिळवावी, आणि ती अखंड उतरली कीं नाहीं हें तिच्याबरोबर दिलेल्या पडताळ्याच्या अंकावरून पाहावें. मग कोणते भाग घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे याची निवड करावी. नंतर ‘मेक’ ही आज्ञा द्यावी. तिच्यामुळें कंपायलर एकेका फाइलीचें रूपांतर करतो. पुढें हे सुटे तुकडे जोडले जातात. शेवटीं तयार झालेला गाभा जागेवर बसवून संगणक नव्यानें सुरू करावा. यांतील प्रत्येक पायरीवर काम अडूं शकतें.

काम अडलें म्हणजे नवशिक्या पडद्यावरील शेवटची ओळ वाचतो. तेथें बहुधा ‘मेक : एरर २’ एवढेंच असतें. या ओळीचा अर्थ ‘खालीं कोठें तरी काम बिघडलें’ इतकाच आहे. खरें कारण पुष्कळ ओळी वर, जेथें ‘एरर’ हा शब्द पहिल्यानें आला तेथें, लिहिलेलें असतें. वेळ वांचावा म्हणून ‘मेक’ला चार कामें एकदम सांगितलीं असतील तर अडचण अधिक वाढते, कारण एक काम अडलें तरी बाकीचीं तीन आपल्या ओळी लिहीत राहतात आणि पहिली चूक त्यांच्या गर्दींत लपते. म्हणून दोन संवयी लावून घ्याव्या. पडद्यावर येणारें सर्व लेखन एका फाइलींत सांठवावें. आणि काम अडतांच तेंच काम पुन्हां एकेरी चालवून पाहावें. पाटाच्या कडेनें वरून खालीं चालत येणें तें हेंच.

नेहमींचे चार दोष

पहिला दोष साहित्याच्या अभावाचा. ‘फ्लेक्स : नॉट फाउंड’ किंवा ‘बायसन : नॉट फाउंड’ असा संदेश आला तर मूळ आज्ञावलींत कांहीं बिघडलेलें नसतें, रचनेस लागणारें साधनच संगणकावर नसतें. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असें येऊन ओपनएसएसएलसारखें नांव दिसलें तर त्या संग्रहाचीं हेडर म्हणून ओळखलीं जाणारीं पानें नाहींत असें समजावें. डेबियन-परिवारांत संग्रह आणि त्याचीं हेडर निरनिराळ्या गठ्ठ्यांत ठेवतात, आणि दुसऱ्या गठ्ठ्याच्या नांवाच्या शेवटीं ‘डेव्ह’ हीं अक्षरें असतात. आमच्या मुलांनीं अर्धा दिवस ‘संग्रह तर आहे, मग नाहीं कसें म्हणतो?’ असा वाद घातला तो या भेदामुळेंच. दुसऱ्या प्रणालीची निवड-यादी जशीच्या तशी उचलली तरीहि असाच प्रकार होतो. त्या यादींत मूळ रचनाकाराच्या प्रमाणपत्राचें नांव राहून जातें, आणि आपल्याकडे नसलेली ती फाइल ‘मेक’ मागत बसतो. तें नांव यादींतून पुसलें कीं काम पुढें चालतें.

दुसरा दोष जागेच्या टंचाईचा. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ याचा अर्थ उघड आहे. मोठ्या प्रणालीची पुरी निवड-यादी घेऊन, दोष-शोधनाच्या खुणांसह गाभा रचला तर दहा गिगाबाइटांहूनहि अधिक जागा लागूं शकते. स्मृति कमी पडली तर मात्र संदेश गूढ असतो. केवळ ‘किल्ड’ असा शब्द येतो आणि कंपायलर नाहींसा होतो. स्मृति संपत आली असतां गाभाच कांहीं काम बंद पाडून संगणक वांचवितो. आमच्या बाबतींत तें काम कंपायलरचें ठरलें. एकदम चार कामें सांगण्याऐवजीं एकच सांगितल्यावर तो दोष गेला.

तिसरा दोष विजेचा. चंद्रपुरास मोठें औष्णिक वीजकेंद्र असलें तरी पावसापूर्वींच्या वावटळींत वीज जावयाची ती जातेच. फाइल लिहिली जात असतांना वीज गेली तर ती अर्धवट राहते. पुढें ‘मेक’ त्या फाइलीची वेळ पाहून ती पूर्ण झाली आहे असें समजतो, आणि जोडणीच्या वेळीं ‘फाइल ट्रंकेटेड’, म्हणजे फाइल तुटकी आहे, अशी तक्रार येते. तेवढी तुटकी फाइल पुसून पुन्हां रचना करावी. संशय अधिक असेल तर ‘मेक क्लीन’ म्हणून सर्व तुकडे पुसून आरंभापासून रचना करावी.

चौथा दोष घड्याळाचा. जुन्या संगणकाच्या आंत रुपयाएवढी एक घड्याळाची बॅटरी असते. ती संपली म्हणजे वीज जातांच संगणकाचें घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें. ‘मेक’ तर प्रत्येक फाइलीची तारीख पाहून ठरवितो कीं तिचें रूपांतर पुन्हां करावयाचें कीं नाहीं. कालची फाइल त्यास भविष्यांतील दिसूं लागते व तो ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा देतो. इंटरनेटवरील सुरक्षित स्थळेंहि उघडत नाहींत, कारण चुकीच्या तारखेमुळें त्यांचीं प्रमाणपत्रें अग्राह्य ठरतात. मुलांनीं त्यासाठीं जाळ्याच्या तारा तपासल्या. औषध मात्र ती लहानशी बॅटरी हेंच होतें.

जागा बदलणारी चूक

आतां जो प्रसंग सांगावयाचा तो आमच्या चुकीचा आहे. वरील दोष दूर झाल्यावर एक दिवस ‘इंटर्नल कंपायलर एरर : सेगमेंटेशन फॉल्ट’ असा संदेश येऊन काम अडलें. आदल्या संध्याकाळीं संगणकापाशीं एटापल्ली तालुक्यांतून आलेला, घरीं माडिया बोलणारा एक विद्यार्थी बसला होता. तो अबोल आहे. त्यानें मूळ आज्ञावलींत कांहीं तरी फेरफार केला असावा असें आम्हीं धरून चाललों, आणि चार मुलांदेखत त्यास तसें बोललों. त्यानें ‘नाहीं सर’ एवढेंच म्हटलें. आम्हांस तें पटलें नाहीं. मूळ आज्ञावली पुसून आम्हीं ती नव्यानें उतरून घेतली. दोष कायम राहिला, आणि तरीहि आमचा संशय पुरता गेला नाहीं.

त्या मुलानें वादहि केला नाहीं व रडलाहि नाहीं. त्यानें एक वही घेतली. काम जेव्हां जेव्हां अडे तेव्हां तेव्हां तो तारीख, वेळ आणि ज्या फाइलीवर काम अडलें तिचें नांव लिहूं लागला. चौथ्या दिवशीं त्यानें ती वही आमच्यापुढें ठेवली. सात नोंदी होत्या, आणि सातहि फाइलींचीं नांवें निरनिराळीं होतीं. शिवाय पहांटे चालविलेलें काम पुष्कळ पुढपर्यंत जाई आणि दुपारचें लवकर अडे. तो म्हणाला, “सर, माझी चूक असती तर ती रोज एकाच जागीं सांपडली असती. ही चूक तर जागा बदलते.”

या एका वाक्यांत दोष-शोधनाचा फार मोठा नियम आहे. कंपायलर तीच मूळ आज्ञावली तशाच स्थितींत वाचील तर त्यानें तेंच उत्तर दिलें पाहिजे. एकाच फाइलीच्या एकाच ओळीवर काम पुनःपुन्हां अडत असेल तर दोष लेखनांत, निवडींत किंवा साधनाच्या आवृत्तींत असतो. तोच प्रयोग दर वेळीं निराळ्या जागीं मोडत असेल तर दोष बहुधा यंत्रांत असतो : स्मृतिपट्टी खराब असेल, वीजपुरवठा डळमळीत असेल किंवा उष्णता फार झाली असेल. गाभ्याची रचना हें स्मृतीचा कण अन् कण वापरणारें काम आहे. एरव्हीं पत्र लिहितांना जो बिघड दिसत नाहीं तो येथें उघडा पडतो. मे महिन्यांत पारा ४७ अंशांपलीकडे गेलेला चंद्रपूरकरांनीं पाहिलेला आहे. पत्र्याखालील खोलींत जुन्या यंत्राची काय अवस्था होत असेल याचा विचार आम्हीं केला नव्हता.

त्यानंतर मुलांनीं एका वेळीं एकच बदल करावयाचा असें ठरविलें. प्रथम पंख्यांत सांचलेली धूळ काढली. काम अधिक वेळ टिकलें, पण दुपारीं पुन्हां अडलें. मग ‘मेमटेस्ट’ ही स्मृतीची परीक्षा घेणारी आज्ञावली चालविली. रात्रीं कांहींहि दोष निघाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पडदा लाल ओळींनीं भरला. एकेक पट्टी काढून परीक्षा घेतां दोहोंपैकीं एक सदोष ठरली. ती काढल्यावर तो संदेश पुन्हां आला नाहीं. धूळ काढणें आणि पट्टी बदलणें हीं दोन्ही कामें आम्हीं एकदम केलीं असतीं तर खरें कारण कोणतें हें कधींच कळलें नसतें.

ज्या चार मुलांदेखत आम्हीं त्यास बोललों होतों त्यांच्याचपुढें आम्हीं त्याची क्षमा मागितली. यंत्रानें त्यास दोषी ठरविलें नव्हतें. तें आम्हीं ठरविलें होतें, आणि पडद्यावरील संदेश नीट न वाचतां ठरविलें होतें. त्या संदेशांत ‘इंटर्नल’ हा शब्द होता. कंपायलर स्वतःच मध्यें कोसळला, असें तो सांगत होता; लेखनांत चूक आहे असें त्यानें म्हटलेंच नव्हतें.

वहीचें महत्त्व नवें नाहीं. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या गणकयंत्रांत एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो पतंग कार्यवहींत चिकटवून त्यापुढें वेळ, पॅनेल व रिलेचा क्रमांक लिहून ठेवला. यंत्रांतील दोषास ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधींचीच होती. पण खरा किडा सांपडल्याची ती नोंद मात्र अजून जपून ठेवलेली आहे.

अर्ध्यावर अर्धें

गाभा रचून झाला तरी काम संपत नाहीं. नवा गाभा सुरू करतांच आमच्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ असा संदेश आला. मूळ फाइल-व्यवस्था जोडतां येत नाहीं अशी त्याची तक्रार होती. गाभा हलका करण्याच्या नादांत मुलांनीं हार्ड डिस्कशीं बोलणारा भागच वगळला होता. घर बांधलें, पण दार ठेवावयाचें राहिलें, त्यांतला प्रकार. सुदैवानें जुना गाभा पुसलेला नव्हता. आरंभींच्या यादींतून तो निवडून संगणक पुन्हां सुरू करतां आला. नवें नीट चालेपर्यंत जुनें पुसूं नये, हा नियम त्या दिवशीं भिंतीवर लिहिला गेला.

कधीं कधीं जुनी आवृत्ति चालते, नवी चालत नाहीं, आणि मध्यें शेंकडों बदल झालेले असतात. अशा वेळीं प्रत्येक बदल तपासण्याची गरज नाहीं. मधली आवृत्ति रचून पाहावी. ती चालली तर दोष पुढील अर्ध्यांत, न चालली तर मागील अर्ध्यांत. उरलेल्याचे पुन्हां दोन भाग करावे. या रीतीनें १०२४ बदलांतील दोषी बदल केवळ १० चांचण्यांत सांपडतो. टॉर्व्हाल्ड्स यांनींच २००५ सालीं सुरू केलेल्या ‘गिट’ या साधनांत ही सोय ‘बायसेक्ट’ या नांवानें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं याचें गणित स्वतः करून पाहावें. दोनाच्या घातांकांचा याहून चांगला उपयोग क्वचितच दिसेल.

इतकें करूनहि उत्तर न मिळाल्यास इतरांस विचारण्यांत कमीपणा नाहीं. मात्र ‘आमचें चालत नाहीं’ एवढें लिहून कोणी मदत करूं शकत नाहीं. कोणती आवृत्ति घेतली, कोणती आज्ञा दिली, पहिली चूक कोणत्या शब्दांत आली आणि आतांपर्यंत काय काय करून पाहिलें, हें सर्व क्रमानें लिहावें. अनुभव असा कीं, हें पत्र लिहितां लिहितांच निम्म्या वेळां उत्तर सांपडतें.

पालकांस एक विनंति आहे. आपला मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसून ‘एरर आली’ असें म्हणेल तेव्हां ‘काय मोडलेंस?’ असें प्रथम विचारूं नये. ‘पहिली ओळ काय सांगते? काल कोठें अडलें होतें, आज कोठें अडलें?’ असें विचारावें. हरवलेल्या एका नाण्यासाठीं दिवा लावून सारें घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टान्त आमच्या प्रार्थनेच्या वेळीं मुलें ऐकतात. तिनें कोणावर चोरीचा आळ घेतला नाहीं. तिनें दिवा लावला.

तो जुना संगणक आतां एकाच स्मृतिपट्टीवर चालतो. चाल मंद आहे, पण सहावीचीं मुलें त्यावर मराठी लिहावयास शिकत आहेत. शेजारीं दोऱ्यानें बांधलेली ती वही असते. तिच्या पहिल्या सात नोंदी त्या मुलाच्या हातच्या आहेत. आठवी नोंद आमची आहे, आणि तींत स्मृतिपट्टीच्या दोषाबरोबर आमचाहि लिहिलेला आहे.